कुकरवरचे नाव

आपल्या वस्तीतील कोणत्याही घरात कुकरचे झाकण हातात घेऊन पाहा. त्यावर नाव कोरलेले सापडेल. मिक्सरच्या भांड्यावर लग्नाची तारीख असते, शिलाई मशीनवर घरीच भरलेला रुमाल असतो. पंगतीत भांड्यांची अदलाबदल होऊ नये म्हणून नाव घालतात हे खरे; पण नाव पडले की त्या वस्तूवर माया जडते, हेही तितकेच खरे.

आमच्या आईच्या कुकरवर वडिलांनी स्वतःचे नाव न घालता तिचे घातले. एकदा दुरुस्तीवाल्याने चुकून दुसरेच झाकण दिले, तर आई भर उन्हात परत गेली आणि आपले झाकण घेऊन आली. हा वेडेपणा नव्हे. अमेरिकेत जॉर्जिया टेकच्या संशोधकांनी २००७ साली आपोआप केर काढणाऱ्या यंत्राविषयी अभ्यास मांडला. तेथेही अनेकांनी त्या यंत्राला नाव दिले होते आणि ते घरातलेच कोणी असल्यासारखे वागत होते.

आपल्या मायेला मात्र आणखी एक कारण आहे. डॉ. बाबासाहेबांनी १९३६ च्या ‘ॲनिहिलेशन ऑफ कास्ट’मध्ये अहमदाबाद जिल्ह्यातील एका गावची हकिकत दिली आहे. नोव्हेंबर १९३५ मध्ये तेथील अस्पृश्य स्त्रिया धातूच्या भांड्यांतून पाणी आणू लागल्या, एवढ्यावरून त्यांना मारहाण झाली. जेथे धातूचे भांडे हाती धरणे हाच गुन्हा होता, तेथे भांड्यावर आपले नाव कोरणे ही नुसती हौस कशी म्हणावी?

तरीही तथागतांनी सांगितलेली अनित्यता विसरून चालणार नाही. गेल्या वर्षी आईच्या कुकरचा तळ फुगला. ती सोडायला तयार होईना. “घरात लहान मूल आहे, हा फुटला तर?” असे सुनेने विचारले, तेव्हा कुठे तिने तो शेगडीवरून उतरवला. आता त्यात तांदूळ असतात. नाव तेवढे बाहेरच्या बाजूला हवे, हा तिचा हट्ट आम्ही मानला.

भगिनींनो, वस्तू जपा. पण वस्तूपायी माणसाचा जीव धोक्यात घालू नका. आणि लेकीला लग्नात कुकर द्याल, तेव्हा त्यावर जावयाचे नाव न घालता तिचेच घाला.

जयभीम!