समावेशक वर्गातील शिक्षकाचे मनःस्वास्थ्य

दिव्यांग बालकास गावच्याच शाळेत इतर मुलांसमवेत शिकता यावे, हे तत्त्व आता कायद्याने मान्य झाले आहे. १९९५ च्या अधिनियमात अपंगत्वाचे ७ प्रकार होते. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ ने ते २१ केले. स्वमग्नता व विशिष्ट अध्ययन अक्षमता यांचा त्यांत नव्याने समावेश झाला. शाळेची जबाबदारी त्यामुळे वाढली. ती प्रत्यक्ष पेलणाऱ्या शिक्षकाच्या मनःस्वास्थ्याचा विचार मात्र क्वचितच होतो.

द्विशिक्षकी शाळेतील वर्ग डोळ्यांपुढे आणावा. दोन इयत्ता एकत्र बसलेल्या. त्यांत एका मुलास ऐकू येत नाही, दुसऱ्यास बौद्धिक अक्षमता आहे. त्यांच्याकडे वळावे तर वर्ग सुटतो, वर्ग सांभाळावा तर ती मुले मागे पडतात. शरीराचा थकवा विश्रांतीने जातो. परंतु कोणासच पुरता न्याय दिला नाही, ही रुखरुख शिक्षकाची पाठ सोडत नाही. पुढे चिडचिड, निद्रानाश व कामाविषयी उदासीनता दिसू लागते. ही लक्षणे नाकर्तेपणाची समजू नयेत. एकट्याने भार वाहिल्याचा तो परिणाम असू शकतो. म्हणून तो भार वाटून घेणे हाच मुख्य उपाय होय.

त्यासाठी पुढील गोष्टी कराव्यात :

१. प्रत्येक दिव्यांग बालकासाठी लहान उद्दिष्ट लेखी ठरवावे. ‘वाचन सुधारणे’ यापेक्षा ‘स्वतःचे नाव ओळखणे’ हे उद्दिष्ट बरे. वहीत नोंदलेली प्रगती शिक्षकासही धीर देते.

२. विशेष शिक्षकाच्या भेटीचा दिवस निश्चित असावा. त्याने वर्गशिक्षकासमोर पाठ घेऊन रीत दाखवावी. केंद्र शासनाने २०२२ मध्ये प्राथमिक स्तरावर १० व उच्च प्राथमिक स्तरावर १५ दिव्यांग विद्यार्थ्यांमागे एक विशेष शिक्षक, असे प्रमाण सांगितले आहे. तेव्हा हे साहाय्य मागण्यात संकोच नसावा.

३. केंद्राच्या शिक्षण परिषदेत अर्धा तास केवळ अशा वर्गांतील अडचणींसाठी राखून ठेवावा.

४. पालकांशी बोलताना मुख्याध्यापकांनी शिक्षकासोबत बसावे.

आम्हां पर्यवेक्षकांचेही येथे कर्तव्य आहे. वर्गात गेल्यावर नोंदवह्या मागण्यापूर्वी शिक्षकास त्याची अडचण विचारावी, व तिचे निवारण झाले की नाही हे पुढील भेटीत पाहावे. शिक्षकाचे मन स्वस्थ राहिले, तरच वर्गातील प्रत्येक बालकास त्याचा आधार मिळेल.