मिनामाटाची मासळी आणि पारा

जपानमधील मिनामाटा उपसागरात चिसो कंपनीच्या कारखान्याचे पारामिश्रित सांडपाणी १९३२ ते १९६८ पर्यंत जात राहिले. किनाऱ्यावरच्या मच्छीमार वस्त्यांत आधी मांजरे झटके येऊन, गरगर फिरत मेली. मग माणसांचे हात बधिर झाले, सदऱ्याची बटणे लावता येईनात, बोबडी वळू लागली. १ मे १९५६ रोजी या आजाराची अधिकृत नोंद झाली. सांडपाण्यातला मिथाइल पारा लहान माशांतून मोठ्यांत साठत जातो, ते मासे खाणाऱ्यांच्या मेंदूवर घाला घालतो आणि वार ओलांडून गर्भापर्यंत पोहोचतो. वरवर धडधाकट आयांच्या पोटी बाधित मुले जन्मली, हे सर्वांत क्लेशदायक. माशांच्या मांसातील प्रथिनांना चिकटलेला हा पारा धुऊन, शिजवून किंवा तळून जात नाही. मुशी, तलवार मासा अशा मोठ्या शिकारी माशांत तो जास्त असतो. तारली, बांगड्यात बराच कमी.