कात, जांभूळ आणि भरदार रेड वाइन

आजचा भाग मी वाराणसीतून करतोय. दुर्गा घाटाजवळच्या नातेवाइकांच्या जुन्या घरी मुक्काम आहे आणि घरात वाइन चालत नाही. त्यामुळे समोर बाटली नाही. एका कुल्हडात कोरा चहा, एका वाटीत जांभळं आणि पानवाल्याकडून मागून आणलेला कात, एवढंच आहे. भरदार रेड वाइन कशी चाखायची आणि तिचं वर्णन कसं करायचं, हे समजायला तेवढं पुरतं.

आधी एक कबुली. मी तरुण कॅप्टन असताना मेसमध्ये एका वरिष्ठांनी ग्लास पुढे करून विचारलं, "कशी वाटते?" मी ऐटीत म्हणालो, "ब्लॅकबेरी, सर." त्यांनी शांतपणे विचारलं, "खाल्ली आहेस कधी?" खाल्ली नव्हती. तो शब्द मी बाटलीच्या लेबलवर वाचला होता. गस्तीवरून परतलेल्या जवानाने न पाहिलेलं पाहिलं म्हणून सांगितलं, तर आम्ही त्याला काय म्हणतो? मी तेच केलं होतं. त्या दिवसापासून एक नियम पाळतो: वाइनचं वर्णन हा टेहळणीचा अहवाल आहे. जे जाणवलं तेच सांगायचं, आणि आपल्याला ठाऊक असलेल्या शब्दांत.

आता चहा. दहा मिनिटं उकळलेला, बिनसाखरेचा, बिनदुधाचा. एक घोट घ्या आणि तोंडात फिरवा. कडू लागेल, पण त्याखेरीज आणखी काहीतरी होतंय. जीभ आणि हिरड्या कोरड्या पडल्या, खरखरीत झाल्या. हा तुरटपणा. कडू ही चव आहे, तुरट हा स्पर्श आहे. टॅनिन नावाची द्रव्यं लाळेतल्या प्रथिनांना धरून ठेवतात, लाळेचा बुळबुळीतपणा जातो आणि जीभ घासल्यासारखी वाटते. रेड वाइनमध्ये टॅनिन येतं ते द्राक्षाच्या सालीतून, बियांतून आणि ओकच्या पिंपातून. पहिल्यांदा पिणारा माणूस "कडू आहे" म्हणतो तेव्हा पुष्कळदा त्याला "तुरट आहे" म्हणायचं असतं. आणि बाटलीवरच्या "ड्राय" या शब्दाचा अर्थ तुरट नव्हे. गोड नसलेली, एवढाच.

कात जिभेवर ठेवलात तर हीच गोष्ट पटकन कळते. कात खैराच्या लाकडापासून काढतात. गंमत अशी की टॅनिनच्या कुळातल्या 'कॅटेचिन' या द्रव्याला नावच काताच्या 'कॅटेचू' या नावावरून मिळालं. म्हणजे ज्याने बनारसी पान खाल्लंय, त्याची टॅनिनशी ओळख जुनीच आहे.

आता त्याच चहात दूध घाला. तुरटपणा निम्मा झाला ना? टॅनिनने दुधातली प्रथिनं धरली, जीभ सुटली. तुरट रेड वाइन मटणाबरोबर मऊ लागते, त्यामागेही प्रथिनं आणि चरबी आहेत. मात्र तांबड्या रश्श्याबरोबर ती घेऊ नका. तिखटाने मद्यार्काची जळजळ आणि तुरटपणा दोन्ही वाढतात. सुकं, कमी तिखट मटण बरं.

"भरदार" म्हणजे काय? पाणी, ताक आणि साईचं दूध एकामागून एक तोंडात घेऊन बघा. चव सोडा, वजन बघा. वाइनमधलं हे वजन मद्यार्क आणि द्राक्षातून उतरलेला अर्क यांमुळे येतं. भरदार रेड वाइनमध्ये मद्यार्क साधारण १४ टक्क्यांच्या आसपास असतो. कॅबरने सोव्हिन्यों आणि शिराझ ही त्या घराण्यातली ओळखीची द्राक्षं. नाशिकच्या सुला कंपनीची 'दिंडोरी रिझर्व्ह शिराझ' किंवा अकलूजच्या फ्रातेल्लीची 'सेत्ते' यांवर हा सराव करता येईल.

वास घेताना लाजू नका. शिराझमध्ये काळी मिरी जाणवते, ती कविकल्पना नव्हे. रोटंडोन नावाचं जे द्रव्य मिरीला तिचा वास देतं, तेच शिराझमध्ये असतं. ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी ते २००८ साली दाखवून दिलं. त्यांच्याच चाचणीत सुमारे पाचांतल्या एकाला तो वास आलाच नाही. तेव्हा शेजाऱ्याला मिरी जाणवली आणि तुम्हाला नाही, तर दोघेही खरं बोलत असाल. ओकच्या पिंपात मुरलेल्या वाइनला लवंगेचा वास येतो, कारण लवंगेतलं युजेनॉल ओकमध्येही असतं.

फळांचं काय? कॅलिफोर्नियातल्या अॅन नोबल यांनी १९८०च्या दशकात वासांचं एक चक्र तयार केलं, ते अशासाठी की सगळ्यांनी रोजच्या ओळखीच्या वस्तूंची नावं घ्यावीत. त्यांच्या ओळखीची फळं ब्लॅकबेरी आणि चेरी. आपली जांभूळ, करवंद, आमसूल. इंदूर, बडोदा, बेळगाव, हैदराबाद, जिथे असाल तिथलं फळ घ्या. फक्त ते खाल्लेलं असू द्या.

एक व्यवहाराची सूचना. रेड वाइन "खोलीच्या तापमानाला" द्यावी म्हणतात, ती खोली थंड युरोपातली. बनारसच्या किंवा नागपूरच्या मे महिन्यात तसं केलंत तर नाकात फक्त मद्यार्क शिरेल. अर्धा-पाऊण तास फ्रिजमध्ये ठेवा. १६ ते १८ अंश पुरे. आणि चाखणं म्हणजे पिणं नव्हे. व्यावसायिक चाखणारे घोट थुंकून टाकतात. जो पीत नाही, त्याने सुरुवात करावी असं माझं मुळीच म्हणणं नाही. आजचे धडे चहावरही गिरवता येतात.

पुढच्या वेळी ग्लास हाती आला तर या क्रमाने अहवाल द्या: रंग, वास, आंबटपणा, तुरटपणा, वजन, आणि गिळल्यावर चव किती वेळ टिकली. उदाहरणार्थ: "रंग पिकल्या जांभळाचा. वासात करवंद आणि मिरी, मागून लवंग. तुरट, पण कातापेक्षा मऊ. साईच्या दुधाइतकी दाट. घोट गेल्यावरही मिरी रेंगाळते." यात परका शब्द एकही नाही, आणि उलटतपासणी झाली तर माघार घ्यावी लागेल असंही काही नाही.

ते वरिष्ठ आज हयात नाहीत. त्यांना हा अहवाल द्यायचा राहून गेला.