परड्यातली काजू भट्टी

सावंतवाडीकडच्या आमच्या घरामागे काजीची जुनी झाडं आहेत. त्यांच्याखालची बी वेचून, परड्यात भाजून, दगडावर फोडलेल्या गराची सर बाजारातल्या पांढऱ्याशुभ्र काजूला येत नाही, असं माझं ठाम मत आहे. पण या बीचा एक स्वभाव आहे आणि तो ओळखल्याशिवाय तिला हात लावू नये.

काजू सोळाव्या शतकात पोर्तुगीजांबरोबर ब्राझीलमधून आला. आंबा, बिबा आणि काजू एकाच कुळातले. आंब्याचा चीक लागला की कातडी चुरचुरते, बिबा उततो, तसंच काजूचंही. बीच्या टरफलात दोन थरांमध्ये मधाच्या पोळ्यासारख्या बारीक पोकळ्या असतात आणि त्यांत दाट, दाहक तेल भरलेलं असतं. म्हणून कच्ची बी दातांनी फोडायची नाही. ओठ पोळतात, पुढे सालपटं निघतात. आमच्याकडे मुलांना चालता येऊ लागलं की आधी हे सांगतात.

फेब्रुवारीअखेरीपासून मेपर्यंत बी पडते. भाजायला झाडाखाली आपोआप पडलेलीच घ्यावी. ओरबाडून काढलेली हिरवी बी उसळीची, तिचं शास्त्र निराळं. बोंडू पिरगळून बी सोडवायची, दोन-तीन कडक उन्हं द्यायची. नीट वाळलेली बी हलवली की आतला गर खडखडतो. वळवाच्या पावसात भिजून राहिलेली बी काळी पडते, ती मी ठेवत नाही.

भट्टी नेहमी उघड्यावर, घरापासून लांब. तीन दगडांवर तळाला भोकं पाडलेला जुना पत्र्याचा डबा, खाली नारळाची सुकी झावळं. हाताला आधी खोबरेल आणि वर राख. सासूबाई पहिल्या दिवसापासून सांगत आल्या, "वाऱ्याक पाठ करून बस गो, धूर डोळ्यांत जातलो." हा धूर साधा नव्हे, त्याने डोळे चुरचुरतात, चेहरा सुजतो. ज्यांना बिबा सहन होत नाही त्यांनी भट्टीच्या आसपासही थांबू नये.

लांब काठीने बी सतत परतायची. काही वेळाने टरफल फुगतं, तेल पाझरतं आणि अख्खा डबा पेट घेतो. इथे घाबरायचं नाही आणि रेंगाळायचंही नाही. टरफलं सगळीकडून काळी झाली की डबा काठीनेच राखेत उलटा करायचा आणि वरून आणखी राख टाकायची. राख आग विझवते, उरलेलं तेल शोषून घेते. पाणी मात्र कधीही ओतू नका, पेटलेलं तेल उसळून अंगावर येतं. लवकर उतरवलं तर टरफल चिवट राहतं आणि चीक गराला लागतो. उशीर झाला तर गर करपून कडू होतो. ही वेळ डोळ्यांनीच कळते, घड्याळाने नाही.

हात लावण्याइतपत निवली की फोडायची. बी आडवी ठेवून ठोकली तर गराचा चुरा होतो. ती कडेवर उभी धरायची आणि शिवणीवर हलका ठोका द्यायचा. टरफल दुभंगतं आणि अख्खा गर सुटतो. काळे झालेले हात गराला लागू नयेत म्हणून आमच्याकडे फोडणारी एक आणि गर सोलणारी दुसरी असते. गरम असतानाच चोळलं तर वरची तांबूस, तुरट साल सहज निघते.

किलोभर बीतून गर पाव किलोच्या आसपास निघतो. दुकानातला काजू महाग का, ते इथे बसल्यावर समजतं. तिथल्या पुडीवरचा २४० किंवा ३२० हा आकडा म्हणजे एका पौंडात साधारण किती अख्खे गर बसतात ते. आकडा लहान तितका गर मोठा.

हल्ली वाळलेली बी पोत्यात भरून सरळ व्यापाऱ्याकडे जाते. पैसा लागतो, त्याला नाव ठेवणार नाही. पण ज्यांच्या दारात काजी आहे त्यांनी निदान दोन-चार किलो बी घरात ठेवावी आणि मे महिन्यात मुलं आली की वाऱ्याला पाठ करून त्यांना शेजारी बसवावं.