चार गोवे आणि एक मिलिमीटर

एक मिलिमीटर पाऊस म्हणजे काय? खरं तर काहीच नाही. अंगणातली धूळ जेमतेम बसते, दोरीवरचे कपडे काढायला धावावं की नाही असा प्रश्न पडेपर्यंत सर ओसरते, आणि दुसऱ्या दिवशीच्या तक्त्यात १.० असा एक केविलवाणा आकडा उरतो. आता हाच एक मिलिमीटर उजनी धरणाच्या सगळ्या पाणलोटावर सारखा शिंपडू या. आणि कागद-पेन्सिल जवळ ठेवा, लागणार आहे.

उजनीचं पाणलोट क्षेत्र १४,८५० चौरस किलोमीटरच्या घरात आहे. गोवा ३,७०२ चौरस किलोमीटरचा. म्हणजे चार गोवे शेजारी शेजारी मांडा, झालं उजनीचं पाणलोट. भीमाशंकर, लोणावळा, मुळशी, माळशेजपर्यंतच्या डोंगरांवर पडलेला थेंब भीमेतून, भामेतून, इंद्रायणीतून, पवनेतून, मुळा-मुठेतून, घोड-कुकडीतून उतरत उतरत शेवटी इथेच येऊ पाहतो. एका चौरस किलोमीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे दहा लाख लिटर पाणी. गुणाकार करा. १,४८५ कोटी लिटर! आठ मीटर व्यासाची, बारा मीटर पाणी असलेली चांगली बांधीव विहीर घेतली तर तिच्यात सहा लाख लिटर मावतं. म्हणजे त्या केविलवाण्या सरीत अशा जवळजवळ पंचवीस हजार विहिरी काठोकाठ भरल्या.

विहिरींनी मोजायला गेलो तर पुढे बोटं पुरणार नाहीत. मोठं माप हवं. ते आपल्याला २०१६ च्या एप्रिलमध्ये मिळालेलं आहे. लातूर तहानलं होतं आणि मिरजेहून रेल्वेने पाणी निघालं. ती ‘जलदूत’. पहिली गाडी दहा वाघिणींची होती, मग पन्नास वाघिणींची सुरू झाली, एका खेपेला पंचवीस लाख लिटर. साऱ्या देशाने ती बातमी पाहिली. स्टेशनात गाडी शिरताना लोक टाळ्या वाजवत होते, आणि वाजवायलाच हव्या होत्या. तर आजचं आपलं माप ठरलं: एक जलदूत, पंचवीस लाख लिटर.

या मापाने तो एक मिलिमीटर म्हणजे ५,९४० गाड्या. रोज एक सोडली तर सोळा वर्षं!

आता पाटबंधारे खात्याची भाषा घेऊ. तिथे सगळं टीएमसीत चालतं. एक टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट, म्हणजे २,८३१ कोटी लिटरहून थोडं अधिक. बातमीत ‘धरणात अर्ध्या टीएमसीची वाढ’ असं वाचून आपण पान उलटतो. एक टीएमसी म्हणजे ११,३२७ जलदूत. रोज एक, रविवारची सुट्टी नाही, तरी एकतीस वर्षं. मूल जन्मलं त्या दिवशी पहिली गाडी सुटली तर शेवटची सुटेपर्यंत त्या मुलाला स्वतःची मुलं झालेली असतील. आणि उजनीची एकूण क्षमता ११७ टीएमसी. कोयनेपेक्षा जास्त, जायकवाडीपेक्षा जास्त. सव्वातेरा लाख गाड्या. रोज एक गाडी म्हणजे ३,६०० वर्षांहून अधिक. याच पाणलोटात, शिरूर तालुक्यात, घोड नदीकाठी इनामगाव आहे. डेक्कन कॉलेजच्या उत्खननात तिथे ताम्रपाषाणयुगातली शेतकरी वसाहत सापडली, तिची सुरुवात इसवीसनापूर्वी १६०० च्या सुमाराची. त्या लोकांनी पहिली झोपडी उभारली त्या सकाळी आपली पहिली जलदूत निघाली असं समजा. उजनी आत्ता कुठे भरत आली असती. बरं, त्या इनामगावकरांनी पुढे पुराला अडवायला बांध घातला आणि पाण्यासाठी चर खोदला, त्याच्याही खुणा सापडल्या आहेत. पाणलोटाचं नियोजन ही काही कालपरवाची टूम नव्हे.

पण निसर्ग रोज एक गाडी सोडत नाही. सोलापूरकडचा माणूस उजनीचा हिशेब ‘प्लस’ आणि ‘मायनस’मध्ये करतो. ११७ पैकी सुमारे ६३ टीएमसी मृतसाठा, वरचा साडेत्रेपन्न उपयुक्त. उपयुक्त संपला की उजनी मायनसमध्ये गेली. पळसदेवचं बुडालेलं देऊळ पाण्याबाहेर डोकं काढायला लागलं की आकडा न विचारताही परिस्थिती कळते. २०२४ च्या जूनच्या सुरुवातीला धरण वजा पन्नास टक्क्यांच्याही खाली होतं. ऑगस्टमध्ये शंभरी ओलांडली. दोनेक महिन्यांत ८० टीएमसीहून जास्त पाणी आलं! नऊ लाख गाड्या! दिवसाला पंधरा हजार! रात्रंदिवस, दर सहा सेकंदाला एक पन्नास वाघिणींची गाडी धरणात रिकामी होत होती.

आणि धरण भरलं की दारं उघडतात. ‘भीमेत एक लाख क्युसेक विसर्ग’ हे वाक्य पंढरपूरच्या माणसाला पाठ आहे. त्याला त्यावरून घाटाच्या किती पायऱ्या बुडणार तेही सांगता येतं. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला २८.३ लिटर. एक लाख क्युसेक म्हणजे सेकंदाला २८ लाख ३० हजार लिटर. म्हणजे, जरा थांबा, दर सेकंदाला एक अख्खी जलदूत आणि वर सहा-सात वाघिणी! पन्नास वाघिणींची गाडी सहाशे मीटर लांब धरली तर ती एका सेकंदात डोळ्यांसमोरून जायला तिचा वेग ताशी दोन हजार किलोमीटरच्या वर हवा. त्या वेगाने मुंबई-पुणे अंतर चार मिनिटांत. वडापाव हातात येईपर्यंत खंडाळा मागे पडलेला असेल. अशा गाड्या एकामागोमाग एक, मधे जागाच न ठेवता, दिवसभर चालू आहेत, ही पंढरपूरची भीमा, म्हणजेच चंद्रभागा.

म्हणून तर नकाशावर निळी आणि लाल पूररेषा असते. निळी, पंचवीस वर्षांतून एकदा येऊ शकणाऱ्या पुराची. लाल, शंभर वर्षांतून एकदाची. शंभर वर्षं म्हटलं की आपण निर्धास्त होतो, आपल्या नातवांचं बघू! आता नदीकाठच्या फ्लॅटसाठी वीस वर्षांचं गृहकर्ज घ्या. हप्ते फिटेपर्यंत निळी रेषा एकदा तरी ओलांडली जाण्याची शक्यता किती? ५६ टक्के. नाणेफेकीपेक्षा जास्त! लाल रेषेचीही १८ टक्के. हा आकडा कर्जाच्या अर्जावर, सहीच्या जागेच्या बरोब्बर वर छापावा असं माझं प्रामाणिक मत आहे.

इथपर्यंत नुसतं पाणी झालं. खोऱ्याचा आराखडा करायचा तर पाण्याबरोबर काय काय वाहतं तेही मोजावं लागतं. माती घ्या. १९८३ मधला एक गाजलेला अंदाज आहे: भारतात हेक्टरी सरासरी १६ टनांहून अधिक माती दरवर्षी जागा सोडते, देशभरात ५३३ कोटी टन. ही सरासरी उजनीच्या पाणलोटाला लावली तर वर्षाला दोन कोटी चाळीस लाख टन. एका जलदूतात पाण्याऐवजी माती भरा, अडीच हजार टन. वर्षाला ९,७०० गाड्या माती. पावसाचे चार महिने धरले तर रोज ऐंशी! नशिबाने यातली बरीचशी माती एका शेतातून उठून खालच्या शेतात बसते. त्या अंदाजानुसार दहावा हिस्सा धरणांत जातो. तरी पावसाळ्यात रोज आठ गाड्या झाल्या. भरलेल्या वाघिणी जातात आणि रिकाम्या होऊन परत कधीच येत नाहीत.

मग सांडपाणी. मुळा-मुठा स्वच्छ करण्यासाठी जपानी कर्जातून अकरा नवी मैलाशुद्धीकरण केंद्रं ठरली, दिवसाला ३९ कोटी ६० लाख लिटरची, मंजूर खर्च ९९० कोटी रुपये. रोज एक लाख रुपये खर्च केले तर ही रक्कम संपायला २७१ वर्षं लागतील. सुरुवात नानासाहेब पेशव्यांच्या कारकिर्दीत करावी लागली असती. आणि पाणी? दर नऊ मिनिटांनी एक जलदूत, तीही मोरीच्या पाण्याने भरलेली. ही फक्त नव्या केंद्रांची क्षमता, जुन्यांची वेगळी. या गाड्यांचंही शेवटचं स्टेशन उजनीच. भिगवणला रोहित पक्षी बघायला आपण जातो, तेव्हा त्यांच्या पायाखाली काय काय साठलंय याचा विचार करत नाही. बरंच आहे.

उन्हाचाही एक वाटा असतो. उन्हाळ्यात जलाशय आक्रसतो, म्हणून पाणपसारा २०० चौरस किलोमीटरच धरू, आणि दिवसाचं बाष्पीभवन सात मिलिमीटर. रोज ५६० गाड्यांची वाफ! न बिल, न पावती.

आणि एक वाटा भलतीकडेच जातो. मुळशी, वळवण, ठोकरवाडी इथल्या टाटांच्या धरणांचं पाणी पूर्वेला उजनीकडे न येता सह्याद्रीवरून पश्चिमेला कोकणात उतरतं आणि वीज करतं. कृष्णा लवादाने त्याला पाच वर्षांत मिळून २१२ टीएमसीची मर्यादा घातली. सरासरी काढा, वर्षाला ४२ टीएमसीच्या वर. खडकवासला, पानशेत, वरसगाव, टेमघर ही पुण्याची चारही धरणं तुडुंब भरली तरी एकूण साठा होतो २९ टीएमसी!

आता ऊस. हळू आवाजात बोलू, कारण हा विषय निघाला की पारावरची अर्धी माणसं उठून जातात. प्रवाही पद्धतीने हेक्टरी दोन कोटी लिटर धरले तर एका हेक्टर उसाला आठ जलदूत लागतात. एकरी तीन गाड्या आणि वर बाराएक वाघिणी! ज्या गाडीसाठी देशाने टाळ्या वाजवल्या, तशा तीन गाड्या एका एकरात जिरतात. बांधावर कोणी नारळही फोडत नाही.

हे सगळं एकत्र मांडलं की छाती दडपते. खुद्द आराखडा करणाऱ्यांचीही दडपत असणार. पण आराखडा म्हणजे शेवटी भागाकार असतो, आणि या भागाकाराची मजा मला गुणाकारापेक्षाही जास्त वाटते. बघा.

एक टीएमसी पाणी डोंगरउतारावरच अडवून जिरवायचं ठरवलं. साधन अगदी गरीब: सलग समतल चर. साठ सेंटिमीटर रुंद, तीस सेंटिमीटर खोल, उताराला आडवा, समपातळीत खोदलेला. खालच्या कडेला खोदलेली माती, तिच्यावर गवताचं बी. एक मीटर चरात १८० लिटर पाणी मावतं. एका भरण्यात एक टीएमसी साठवायचं तर किती लांब चर लागेल? एक लाख सत्तावन्न हजार किलोमीटर! पृथ्वीला जवळजवळ चार वेढे! मुंबई-पुणे अंतराच्या हजारपट! सोडा, जमणार नाही.

पण चर एकदाच भरत नाही. भरतो, पाणी मुरतं, पुन्हा सर येते, पुन्हा भरतो. पावसाळ्यात दहा वेळा भरला-मुरला धरा. हजाराचे झाले १०५ मुंबई-पुणे, म्हणजे १५,७०० किलोमीटर. हे चार गोव्यांवर वाटा. चौरस किलोमीटरमागे किती आला? एक किलोमीटर आणि साठ मीटर! पृथ्वीचे चार वेढे एका टेकडीच्या कडेवर येऊन बसले. प्रत्यक्षात चर सपाट शेतातून नव्हे तर उतारावरच खोदायचा, तेव्हा डोंगराळ गावांच्या वाट्याला जास्त येईल, दौंडच्या सपाटीला काहीच नाही. ते पाणलोटवाले बघतील.

माणसं किती लागतील? खोदकाम २८ लाख घनमीटर. मुरमात एका माणसाने दिवसाला दोन घनमीटर खोदले असं समजू. चौदा लाख मनुष्यदिवस. २०११ च्या जनगणनेत एकट्या पुणे जिल्ह्याची लोकसंख्या ९४ लाख होती. म्हणजे सहा-सात जणांमागे एकाने एक दिवस कुदळ-फावडं धरलं की झालं! श्रमदानाचा उत्साह नसेल तर रोजगार हमीची २०२४-२५ ची २९७ रुपये मजुरी लावा: ४२ कोटी रुपये. सोळा हजार माणसांनी एक मे रोजी सुरुवात केली तर जुलैच्या अखेरीस काम संपेल. तेव्हा मार्चमध्येच सुरुवात करावी, म्हणजे मृगाआधी चर तयार.

इतक्यात सोलापूरकर हात वर करतो. त्याचा प्रश्न रास्त आहे: उजनीच्या वर आधीच एकोणीस धरणं, आता तुम्ही डोंगरातही अडवणार, मग आमच्याकडे दौंडहून येणार काय? त्याचा एक टीएमसी त्याला परत द्यायलाच हवा. तोही भागाकाराने सापडतो. ठिबकने उसाचं पाणी निम्म्यावर येतं असं धरलं, तर हेक्टरी एक कोटी लिटर सुटतं. एक टीएमसीसाठी २,८३२ हेक्टर ऊस ठिबकवर न्यावा लागेल. चार गोव्यांतले सव्वाअठ्ठावीस चौरस किलोमीटर. दर चौरस किलोमीटरमागे जेमतेम एकोणीस गुंठे.