छंदातील देवघेव आणि चोख नोंद

आमचे बालपण कसबा पेठेत गेले. याच पेठेत कागदीपुरा आहे. एके काळी तेथे हाताने कागद तयार होत असे, म्हणून हे नाव. पण कागदावरची नोंद किती मोलाची असते, हे आमच्या घराला फार उशिरा कळले.

आमच्या वडिलांना टपाल तिकिटांचा छंद होता. भगवान बुद्धांच्या २५०० व्या जयंतीनिमित्त २४ मे १९५६ रोजी सरकारने दोन तिकिटे काढली, एक दोन आण्यांचे व दुसरे चौदा आण्यांचे. चौदा आणे म्हणजे तेव्हा कष्टकऱ्याला मोठी रक्कम. तरी वडिलांनी ते घेतले आणि पुढे एका मित्राला पाहावयास दिले. मित्र म्हणाला, "पाहायला नाही, बदल्यात दिलेस." १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले, नदीकाठच्या घरांत पाणी शिरले, त्यात वडिलांची वहीही गेली. खरे कोणाचे, हे ठरलेच नाही. दोघे मित्र शेवटपर्यंत एकमेकांशी बोलले नाहीत.

आज आमचा नातू तोच छंद जोपासतो. बाबासाहेबांचे १९६६ चे पंधरा पैशांचे तिकीट, महात्मा फुल्यांचे १९७७ चे, जन्मशताब्दीचे १९९१ चे एक रुपयाचे. जादा असेल ते द्यायचे, नसेल ते घ्यायचे. मात्र तो नोंद ठेवतो मोबाईलवर, गूगल शीट्समध्ये. यास पैसे पडत नाहीत. रकाने साधेच आहेत : तारीख, काय दिले, काय आले, तिकीट कोरे की शिक्क्याचे, स्पीड पोस्टचा क्रमांक, व्यवहार पुरा की बाकी. हा तक्ता दोन्ही मित्रांना दिसतो. कोणी, केव्हा, काय बदलले, हे संगणकावर उघडून मागे जाऊन पाहता येते.

मध्यंतरी नातू तणतणत आला. "मी तिकीट पाठवले, त्याने काहीच दिले नाही!" आम्ही म्हटले, "आधी तक्ता उघड." पाहतो तो काय, मित्राचे तिकीट आल्याची नोंद नातवाने स्वतःच्याच हाताने केलेली, बाकी होती ती याच्याकडूनच! दुसऱ्या दिवशी त्याने तिकीट पाठविले व फोनवर चूक कबूल केली. मैत्री टिकली.

पालकांनी मुलांना काही गोष्टी जरूर सांगाव्यात. तक्त्यात घरचा पत्ता, आधार वा बँकेचा क्रमांक लिहू नये. अनोळखी माणसास फक्त पाहण्याची परवानगी द्यावी, बदलण्याची नव्हे. दुवा सर्वांसाठी खुला ठेवू नये. आणि महिन्यातून एकदा सारे वहीत उतरवून घ्यावे, मोबाईलही हरवतो.

वडिलांचे ते चौदा आण्यांचे तिकीट आम्हाला आजही बाजारात विकत मिळेल. त्यांचा मित्र मात्र परत मिळणार नाही. म्हणून नोंद ठेवावी. अविश्वास म्हणून नव्हे, विश्वास टिकावा म्हणून.