इंडियन ओशन: पंचवीस वर्षांचा मुक्काम-प्रवास

काशीत नागपूरकर भोसल्यांनी बांधलेला भोसले घाट आहे. तिथून प्रवाहाच्या वरच्या अंगाला गंगामहाल, संकठा आणि सिंधिया घाट ओलांडले की मणिकर्णिका, स्मशानघाट. खालच्या अंगाला काही घाट सोडून पंचगंगा. तिथल्याच पायरीवर अंधारात निजलेल्या कबीराला रामानंदांचा पाय लागला, असं परंपरा सांगते. एका अंगाला चिता, दुसऱ्या अंगाला कबीर. चार मित्रांचा एक दिल्लीकर बँड या दोन्ही ठिकाणच्या शब्दांपर्यंत पोचला, आणि त्याला पंचवीस वर्षं लागली.

गिटारवादक सुश्मित सेन आणि तबला वाजवता वाजवता गाणारे असीम चक्रवर्ती यांची ओळख 1984 मधली. त्यातून 1990 मध्ये ‘इंडियन ओशन’ उभा राहिला. 1991 मध्ये बास गिटार घेऊन राहुल राम आले, 1994 मध्ये ड्रम्सवर अमित किलम. हे चौघं जमले आणि पुढची पंधरा वर्षं टिकले. त्या काळात आपल्याकडच्या बहुतेक रॉक बँडना इंग्रजीत गायचं असे आणि लोकांना त्यांच्याकडून ऐकायची असत ती परदेशी गाणी. यांनी ती वाट धरलीच नाही. पहिला अल्बम एच.एम.व्ही.ने 1993 मध्ये काढला. दुसरा, ‘डेझर्ट रेन’, थेट कार्यक्रमातून उतरवलेला. 1 जानेवारी 1997 ला दिल्लीत रंगकर्मी सफदर हाश्मींच्या स्मृतीसाठी ‘सहमत’ या संस्थेने भरवलेल्या कार्यक्रमात ते वाजवत होते. स्टुडिओपेक्षा रस्त्यावरच्या माणसांसमोर हा बँड जास्त खुलतो, हे त्या अल्बममध्ये स्पष्ट ऐकू येतं.

दहा वर्षांत दोन अल्बम म्हणजे पोट भरायचं ते दौऱ्यांवरच. कॉलेजांचे महोत्सव, मैदानं, सभागृहं, पुढे परदेश. रचनांवर नाव कुणा एकाचं नाही, बँडचं. मला या मंडळींचं मोठेपण इथे दिसतं. आपल्याकडे गायक पुढे आणि वादक मागे, ही उतरंड फार जुनी आहे. इथे असीम मांडी घालून तबल्यावर बसत आणि तिथूनच गात; गाण्याचा धागा कधी गिटारच्या हाती, कधी बासच्या. कोण कुणाला साथ करतंय हे श्रोत्याला शोधावं लागे.

मार्च 2000 मध्ये ‘कंदिसा’ आला. तो आजही त्यांचा सर्वांत चांगला अल्बम आहे, असं मी ठामपणे म्हणेन. शीर्षकगीत केरळच्या सिरियन ख्रिश्चनांचं, अरामाइक भाषेतलं प्रार्थनागीत. ‘मा रेवा’ नर्मदेच्या खोऱ्यातलं. राहुल राम कॉर्नेल विद्यापीठातून डॉक्टरेट घेऊन परतले ते नर्मदा बचाओ आंदोलनात. हे गाणं त्यांनी तिथून आणलं. मराठी श्रोत्याला ते परकं वाटू नये. सरदार सरोवराच्या पाण्याखाली गेलेलं मणिबेली हे गाव आपल्याच सातपुड्यातलं. अल्बममधलं ‘हिल्ले ले’ हे बनारसला शिकलेल्या गोरख पांडे या कवीचं. काशीचा पहिला धागा इथे लागतो, आणि तो भक्तीचा नाही, चळवळीचा आहे. दुसरा धागा 2003 मधल्या ‘झीनी’ या गाण्याचा. हे शब्द कबीराचे. कुमार गंधर्वांचा कबीर ज्या महाराष्ट्राने कानात साठवला आहे, त्याला हा कबीर सुरुवातीला फार गजबजलेला वाटेल. पण चादर विणणारा कबीर हा कामकरी माणूस होता, त्याच्या शब्दांना ठोक्याची लय शोभते.

त्यानंतर अनुराग कश्यप यांचा ‘ब्लॅक फ्रायडे’ हा सिनेमा आला, मुंबईच्या 1993 च्या बॉम्बस्फोटांवरचा. त्यातल्या ‘बंदे’ गाण्याने हा बँड घराघरांत गेला. दौरे वाढले. आणि दौऱ्यावरच घाव बसला. 2009 च्या अखेरीस परदेश दौऱ्यात, दोहा इथे, असीमना हृदयविकाराचा झटका आला. त्याच वर्षी 25 डिसेंबरला ते गेले. मित्रांनी मिळून उभारलेल्या बँडमधून एक मित्र जातो, तेव्हा जागा भरता येत नाही, फक्त काम वाटून घेता येतं. तेच झालं. हिमांशु जोशी गायला लागले, तुहिन चक्रवर्ती तबल्यावर बसले. असीमचा आवाज असलेली शेवटची गाणी 2010 मध्ये ‘16/330 खजूर रोड’ या नावाने आली. करोलबागेतल्या ज्या जुन्या घरात हे वर्षानुवर्षं तालीम करत, त्याचा हा पत्ता. दर महिन्याला एक गाणं, इंटरनेटवर, फुकट. विक्रीचा हिशेब बाजूला सारून गाणी सरळ श्रोत्यांच्या हाती देण्याचं हे धाडस आज लहानसं वाटेल, तेव्हा ते मोठं होतं. 2013 मध्ये सुश्मित सेनही बाहेर पडले. ज्या दोघांनी बँड सुरू केला ते दोघंही आता त्यात नव्हते. गिटार निखिल राव यांच्याकडे आली.

अशा वेळी बँड एकतर जुनी गाणी वाजवत राहतो किंवा बंद पडतो. यांनी मात्र 2015 मध्ये ‘मसान’ या सिनेमाला संगीत दिलं. दिग्दर्शक नीरज घेवान मराठी, गीतकार वरुण ग्रोवर बनारस हिंदू विद्यापीठात शिकलेले, आणि कथा काशीच्या स्मशानघाटावर राबणाऱ्या डोम समाजातल्या मुलाची. ‘तू किसी रेल सी’ गायलं स्वानंद किरकिरे यांनी, तेही इंदूरचे मराठीच. सिनेमा कानच्या महोत्सवात दोन पुरस्कार घेऊन आला. संगीत मात्र पुरस्कारांच्या गोंगाटात थोडं मागे पडलं, आणि ते मला अजून खटकतं. मृत्यूच्या शेजारी रोजचा दिवस काढणाऱ्या माणसांच्या गोष्टीत रडवणारी सतार-सारंगी भरणं सोपं होतं. या मंडळींनी हात आखडता घेतला. ‘मन कस्तूरी’त कबीराची आठवण आहे, पण उपदेशाचा सूर नाही, एखादा माणूस काम करता करता स्वतःशी बोलावा तसं ते गाणं चालतं.

‘कंदिसा’ची बेफाम ऊर्जा ‘मसान’मध्ये शोधू नये, ती असीम आणि सुश्मितबरोबर गेली. मात्र दुसऱ्यांचे शब्द मान देऊन उचलायचे आणि स्वतः मागे राहायचं, ही पहिल्या दिवसापासूनची रीत नव्या मंडळींनी सोडली नाही. ज्यांनी हा बँड फक्त ‘बंदे’पुरता ऐकला आहे, त्यांनी आधी ‘कंदिसा’ सलग ऐकावा आणि लगेच पाठोपाठ ‘मसान’ची गाणी लावावीत.